शकीलचा प्रोग्रॅम आणि फरिदाबादचं छत

दिल्लीच्या मयूर विहारला आम्ही जुने ऑफिसवाले जमलो, की चहा उकळेपर्यंत एक किस्सा होतो आणि कप रिकामे होईपर्यंत अख्खी रांग! पूल-इमारतींच्या डिझाइन ऑफिसात कसले आलेत किस्से, असं आमच्या मुलांना वाटतं. पण यार, जिथे एका चुकीच्या आकड्याने छत खाली येऊ शकतं, तिथे किस्से साचतातच.

*

तेव्हा पंच कार्डांचा जमाना. पूल असो की टाकी, कागदावर तिचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक कोपऱ्याला नंबर द्यायचा, तो नेमका कुठे आहे ते हाताने लिहायचं आणि कार्डांवर टाइप करून कॉम्प्युटरला द्यायचं. आठवडेच्या आठवडे त्यात जायचे. एकदा एका कार्डावर दशांशचिन्ह राहून गेलं. आमचे बॉस देवधर साहेब रिझल्ट बघून थंडपणे म्हणाले, "अभिनंदन! टाकी दिल्लीत, आणि तिचा एक कोपरा मेरठला!"

कोणी हसलं नाही. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

*

या सगळ्याला वैतागून आमच्यातल्या शकील तांबोळीने एक प्रोग्रॅम लिहिला. मोजकी मापं द्या, तुकडे, नंबर, सगळा डेटा तोच तयार करणार! साहेबांना ते बिल्कुल पटेना.

"मशीनने चूक केली तर जेलमध्ये कोण जाणार, तांबोळी? मशीन?"

"मी जाईन, सर. फक्त डबा घरचा मिळू दे."

*

पहिली ट्रायल एका पुलाची. सगळं ऑफिस प्रिंटरभोवती. रिझल्ट आला, तर पूल जागेवर नाहीच, कुठल्या कुठे गेलेला! शकील पांढराफटक.

"सर, डेटात पुलाला आधारच द्यायचा राहिला."

"मलाही द्या थोडा," म्हणत साहेब खुर्चीत बसले.

*

फरिदाबादला एका सभागृहाचं छत ओतून झालं होतं. टेकू काढायचा दिवस ठरलेला. हाताने तयार केलेल्या डेटाप्रमाणे सगळं ठीक. शकीलने खात्रीसाठी तेच छत आपल्या प्रोग्रॅमवर चालवलं, तर मधला बीम नापास!

आम्ही दोन्ही डेटा शेजारी ठेवून ताडून पाहिले. हाताने लिहिलेल्यात बीमखाली एक खांब होता. शकीलने मापं घेतली त्या नव्या ड्रॉइंगमध्ये तो खांब कधीच काढून टाकला होता!

साहेबांनी साइटवर फोन लावला. "एक भी टेक मत हटाना!" पलीकडे काँट्रॅक्टर इतका भडकला, की त्याचं ओरडणं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

बीम मजबूत केला. त्याचा हिशोब शकीलच्याच प्रोग्रॅमवर झाला. मग टेकू काढायचा दिवस आला. आम्ही भर उन्हात बाहेर उभे. शकील छताखाली निघाला. साहेबांनी धावत जाऊन त्याची कॉलर धरली.

"तू कुठे चाललास? तुझा प्रोग्रॅम दुसऱ्या कोणाला चालवता येत नाही!"

आणि स्वतः आत जाऊन बीमखाली उभे राहिले.

एकेक टेकू निघत गेला. शेवटचाही निघाला. आतून काहीच आवाज नाही.

मग साहेब ओरडले, "शकील, ये आता! इथे मस्त सावली आहे!"