आधी थोडी कमी होते, मग येते

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी धाकटा भाऊ सुरतच्या डिंडोलीत आमच्या घरी आला... मला माहेरी न्यायला. आमच्या खानदेशात या सणाला लेकीला आणायला भाऊ मुराळी म्हणून जातो. गेली काही वर्षं हा बिचारा दरवर्षी सुरतला यायचा, चहा प्यायचा आणि एकटाच परत जायचा.

कारण एकच, माझं वजन.

लग्नात मी अगदी काडी होते. मग घरबसल्या साड्यांना खडे चिकटवायचं काम घेतलं, दोन बाळंतपणं झाली, आणि अंग जे सुटलं ते सुटलंच. एका आखाजीला माहेरी गेले, तर माहेरवाशिणींसाठी बांधलेल्या झोक्याकडे बघत गल्लीतली काकू म्हणाली, "दोर धरील का गं हिला?" सगळ्या हसल्या. मीही हसले... आणि झोक्यावर न बसताच घरात जाऊन पापड तळत बसले.

तेव्हाच ठरवलं, आता आखाजीला यायचं तर बारीक होऊनच. मनावर घेतलं की सगळं होतं म्हणतात ना, मला ते शंभर टक्के पटलेलं. सोमवार धरला, गुरुवार धरला, भात सोडला, पहाटे कॅनॉलच्या कडेने चालले. थोडं उतरायचं, परत चढायचं. दर वेळी वाटायचं, आपलंच मन कच्चं, आपलीच जीभ वाईट.

माय फोनवर विचारायची, "कव्हय येशी बेटा?" मी म्हणायचे, आधी थोडी कमी होते, मग येते. एरवी कुणाच्या लग्नाकार्यात भेट व्हायची, पण तीही घाईघाईची.

या माघात माय गेली.

त्यानंतर माझे पाय सुजायला लागले, तेव्हा नवऱ्याने ओढतच दवाखान्यात नेलं. थायरॉइड निघाला, तोही बराच जुना. डॉक्टरबाई गुजरातीत म्हणाल्या, "बेन, बधुं आपणा हाथमां नथी." सगळंच आपल्या हातात नसतं... गोळी घ्या, जमेल तसं चाला, पण स्वतःला शिव्या घालणं बंद करा. मला तिथेच रडू फुटलं. दवाखान्यातसुद्धा मी बारीक होऊनच जाणार होते, काय बोलायचं आता.

आखाजीला गेलेल्या माणसाच्या नावाने घागर पुजतात, तर यंदा भाऊ आला तो मायच्या नावाची घागर भरायची म्हणून. पिशवी भरता भरता मी सहज विचारलं, झोक्याचा तो जुना दोर अजून आहे का रे?

"तो कधीच काढला, अक्का. तू न बसता गेलीस ना, त्याच्या पुढच्याच आखाजीला मायने लोखंडी साखळी आणि जाड फळी लावून घेतली. दर आखाजीला दुपारपर्यंत कुणाला बसू द्यायची नाही. पहिल्यांदा माझी पोर बसेल, म्हणायची."

मग मला का नाही सांगितलं, म्हटलं. तर म्हणाला, "माय म्हणायची, फोनवर सांगितलं तर तिला लागेल. आली की दिसेलच."

दुसऱ्या दिवशी माहेरी घागर पुजून झाल्यावर त्या झोक्यावर बसले. साखळी कुरकुरलीसुद्धा नाही.

मी इकडे अंग कमी करायच्या मागे लागले होते आणि तिने तिकडे कधीच झोका भक्कम करून ठेवला होता. तिच्या बाजूने अडचण संपली होती, फक्त मी जायचं बाकी होतं.

कुणी माहेरी बोलावत असेल तर जा गं बायांनो. आहात तशाच जा.