गाठीच्या आतली चिंधी

त्या चिंध्या मी बांधल्या होत्या. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्यांच्या नावावर त्या खपल्या ते आण्णा आता नाहीत.

आण्णा परांची बांधायचे. इमारतीच्या अंगाला बांबू-फळ्यांचा सांगाडा उभा करतात आणि त्यावर उभं राहून गवंडी गिलावा करतात, ती परांची. तुम्हीही जाता-येता पाहिली असेल, गाठी कुणी बघत नाही. काथ्याचा शेवटचा वेढा आवळताना आण्णा बायकोच्या जुन्या हिरव्या लुगड्याची बोटभर चिंधी गाठीच्या आत धरायचे, टोक तेवढं बाहेर दिसायचं. मग धोतर खोचून फळीवर चढायचे आणि दोन्ही पायांनी तीनदा दणादण नाचायचे. वय साठीच्या पुढं.

"चढा. म्या नाचलोय."

एवढंच बोलणं. कोल्हापुरातले गवंडी ती चिंधी दिसल्याशिवाय पाय ठेवत नसत.

मी एका बिल्डरकडे सुपरवायझर होतो. कोल्हापुरात एक साइट, सांगलीत एक. सांगलीच्या कामाला अट होती: परांचीला कमरेएवढा लोखंडी कठडा, खाली जाळी, माणसाला पट्टा. कोल्हापूरच्या आमच्या कागदात तसली ओळ नव्हती. मालकानं दोन्हीकडं मिळून एकच संच घेतलेला. सांगलीत तपासणी आली की इथला कठडा उतरवून मी टेम्पोत घालायचो.

आण्णा दोन दिवस सांगलीला बांधायला गेले आणि येऊन चहाच्या गाड्यावर सगळ्यांना सांगू लागले, "तितं माणसाला कमरंला बांधत्यात. हितं म्हशीला बांधत्यात, माणूस मोकळाच." सगळे हसले. मीही हसलो.

मग एका सकाळी कठडा सांगलीला गेलेला, आणि दुसऱ्या मजल्याची परांची त्या दिवशी उभी करायची होती. आण्णांनी काथ्याला हात लावला नाही. मी समजुतीनं सांगितलं की गावागणिक नियम वेगळे असतात, आपण इथले पाळतोय.

"सांगलीचा माणूस पडला तर मरतोय, आन् कोल्हापूरचा काय उडतोय व्हय, पावणं?"

एरवी मी सायेब असायचो. चिडले की पावणं. माझ्याच साइटवर मी पाहुणा. कोयता कमरेला खोचून ते चालू लागले.

मी दोन बिगाऱ्यांकडून परांची बांधून घेतली. गवंडी आले, वर बघितलं आणि वाळूवर बसून राहिले. आण्णाची चिंधी कुठाय, म्हणाले. येतील, मी म्हणालो. मालकाचे फोन चालूच होते. दुपारी माणसं भाकरी खायला मागच्या बाजूला गेली, तेव्हा गाडी पुसायचं माझं हिरवं फडकं फाडून मी प्रत्येक गाठीवर एकेक चिंधी बांधली. फळीवर मात्र एकदाही पाय ठेवला नाही.

चिंध्या बघून जेवून आलेल्या सगळ्यांना वाटलं, आण्णा मधेच येऊन गाठी आवळून गेले. गवंडी निमूट चढले. तासाभरात एक गाठ सरकली, फळी फिरली. धरायला कठडा नव्हता. कोडोलीचा एक गवंडी खाली आला. जगला, पण उजवा पाय कायमचा आखडला.

दुसऱ्या दिवशी आण्णांना बोलावलं. सगळे जमलेले. त्यांनी पडलेला बांबू उचलला, गाठ बोटांनी चाचपली आणि सरळ माझ्याकडं बघितलं.

"पावणं, माझी चिंधी गाठीच्या आत असती. ही वरनं बांधलीया."

ते थांबले. मला बोलायला जागा दिली त्यांनी, हे मला तेव्हाच कळलं होतं.

"तुमचीच असंल, आण्णा," मी म्हणालो. "वय झालं, हुती चूक."

ते रडले नाहीत, भांडलेही नाहीत. आठवडाभर शहरातल्या एकेका साइटवर जाऊन स्वतःच्या परांचीवर चढले आणि कोयत्याच्या टोकानं आपल्या चिंध्या काढून घेतल्या. गाठी तशाच घट्ट ठेवल्या. खाली उभ्या गवंड्यांना प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य, "आता हितं माझी चिंधी न्हाय. आधी सायबाला वर नाचवा, मग चढा."

नंतर त्यांना इथं कुणी बोलावलं नाही. सांगलीला कामाला गेले, तिथंच राहिले. गेल्या वर्षी गेले. अंथरुणावर गेले, परांचीवरून नव्हे.

मी आता पन्नाशी ओलांडली, पोट सुटलंय. तरी कुठल्याही साइटवर आधी मी चढतो आणि फळीवर तीनदा नाचतो. पोरं मोबाइलवर व्हिडिओ काढतात, हसतात. काढू देत. कठडा नसला तर काम सुरू करत नाही. ह्यापायी दोन मालक सोडले, तिसराही सोडीन.

पण यानं काही फिटत नाही. कोडोलीचा तो गवंडी अजून समजतो की आण्णांच्या हातानं त्याला पाडलं. सकाळी मजूर उभे राहतात त्या नाक्यावरही तसंच बोललं जातं. त्या नाक्यावर उभं राहून, त्या गवंड्याच्या तोंडावर, "चिंधी माझी होती" असं मोठ्यानं म्हणणं मी अजून देणं लागतो.