वरातीच्या घोडीवर भरलेली शाळा

माझ्या पोरीची शाळा मी सोडवली, यात शाळेचा काहीच दोष नव्हता.

दोष मोबाइलचा. त्यात एक दाढीवाला रोज मला सांगायचा, शाळा म्हणजे कोंडवाडा! तो कुठल्याशा डोंगरात बायकापोरं, घोडे आणि तंबू घेऊन हिंडायचा आणि त्याची पोरं म्हणे घोड्यावर बसून भूगोल शिकायची. मी विम्याचा एजंट. (म्हणजे मला पाहिलं की लोक गल्ली बदलतात.) वेळ भरपूर, अक्कल बेताची. दिवाळी झाली आणि मी चौथीतल्या पिंकीचं नाव काढून घरी आणलं. आमच्या अख्ख्या मुर्री गावात सांगत सुटलो, आता पोरगी घरीच शिकणार!

"शिकवणार कोण?" बायकोनं, म्हणजे सुषमानं, विचारलं.

"मी!"

सुषमा हसली नाही. हसली असती तर परवडलं असतं.

एप्रिलपर्यंत पिंकी माझ्याकडून एकच गोष्ट शिकली, मला चहा करून देणं. तेव्हा सुषमानं पदर खोचला. "तुमचा तो घोडा अन् तंबू एकदाचा करून पाहा. पोरगी काही शिकून आली त ठीक, नाही त जूनमदी शाळा! अन् नाव घालाले तुमीच जायचं, मुंडी खाली घालून."

मुंडी खाली? मी? शक्यच नाही! मी लागलो घोडा शोधायला.

आता गोंदियात घोडा एकाच कामासाठी मिळतो, हे शेंबड्या पोराला कळतं. मला फुलचूरला लखनभाऊच्या दारात उभं राहिल्यावर कळलं. त्याची पांढरी घोडी, बिजली, आयुष्यभर नवरदेव वाहत आलेली.

"आज खाली है साहब. नागरा गांव में शादी थी, पर दूल्हा बोला कार में जाऊंगा. ले जाओ. बस, मंडप के सामने रुक जाती है. दूल्हे की बहन भीगी चना दाल खिलाती है, तभी हटती है."

"हम जंगल में जा रहे हैं, मंडप में नहीं," मी तुच्छतेनं म्हणालो. जंगल कसलं, नागऱ्याच्या पलीकडची बोडी! त्या तळ्याच्या पाळीवर तंबू ठोकायचा बेत होता. लखनभाऊनं नागऱ्याचं नाव घेतलं ते माझ्या एका कानातून शिरलं आणि दुसऱ्यातून निघालं. मधे अडवायला काही नव्हतंच.

दुपारी निघालो. आधी आपण बसून दाखवावं म्हणून मी घोडीवर, पिंकी बाजूनं पायी, मागून सुषमा स्कूटीवर तंबू आणि भांडी घेऊन. ऊन लागतं म्हणून मी डोक्याला गुलाबी दुपट्टा गुंडाळला. (होय, गुलाबी. घरात तोच धुतलेला होता.)

बिजली हलेना. चुचकारलं, ओरडलो, दाढीवाल्यासारखी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. ढिम्म!

"पप्पा, हिले बँड लागते," पिंकी म्हणाली. तिनं मोबाइलवर बँडचं गाणं लावलं, पिशवीतून ताट काढलं आणि पळ्यानं बडवायला लागली. बिजलीनं मान उडवली आणि नाचत निघाली!

"पाहिलं? शिकून राहिली पोरगी!" मी मागं वळून ओरडलो.

"कोणाची वरात हाय जी?" रस्त्यावरच्या बाया विचारत होत्या.

"अकलेची!" सुषमा सांगत होती.

नागऱ्यात शिरलो आणि समोर मंडप! बिजलीनं बोडीची वाट सोडली, थेट मंडपाच्या दारात गेली आणि खांबासारखी उभी राहिली. आतून ओवाळणीचं तबक घेऊन बाया धावल्या.

"नवरदेव आला वो!"

"माय वो, हा त म्हातारा दिसून राहिला!"

"फोटोत केस होते!"

"मी नवरदेव नाही!" मी ओरडलो. नवरीचे मामा पुढं आले. जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत. "मंग घोडीवर कायले बसला?"

"पोरीले शिकवून राहिलो."

"कोन्या पोरीले?"

"माझ्या."

"म्हणजे पोरगी पण हाय?" मंडपात एकच कालवा! तेवढ्यात सुषमाची स्कूटी पोचली. मामांनी विचारलं, "बाई, हे तुमचे कोण?"

सुषमानं माझ्याकडे पाहिलं. "थांबा, विचार करून राहिली."

इतक्यात मागं कारचा हॉर्न. खरा नवरदेव! आणि दारात आडवी बिजली. कार आत जाईना, मुहूर्त टळायला आला, नवरीची आई रडायला लागली. वऱ्हाडी घोडीला ढकलत होते, मी लगाम ओढत होतो. मी इतका ओढला की मीच खाली आलो, नेमका तबकावर. कपाळावर आपोआप कुंकू लागलं!

आणि पिंकी? ती गुपचूप आचाऱ्याकडे गेली, भिजवलेली चण्याची डाळ मागून आणली आणि बिजलीपुढं ओंजळ धरली. घोडीनं डाळ खाल्ली, मान हलवली आणि शहाण्यासारखी बाजूला झाली. लखनभाऊ बोलला तेव्हा पिंकी माझ्या शेजारीच उभी होती. फरक एवढाच की तिनं ऐकलं होतं.

मुहूर्त साधला. आम्हाला आग्रहानं जेवायला बसवलं. तंबू उघडलाच नाही. वांग्याच्या भाजीवर ताव मारता मारता मी सुषमाला म्हणालो, "शिकली की नाही पोरगी?"

"शिकली ना. दाखव वो पिंके, वहीत का लिवलं."

वहीत लिहिलं होतं : 'घोडीला तिचं काम येते. पप्पाला येत नाही. मला शाळेत जायचं आहे.'

जूनमध्ये गेलो. मुंडी खाली घालूनच गेलो. पिंकीचा अर्ज नव्यानं बदलून आलेल्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला आणि वर पाहिलं. जाड भिंगाचा चष्मा! नवरीचे मामा!

"या, या, नवरदेव!" ते खणखणीत आवाजात म्हणाले. शिपाईसुद्धा वळून पाहायला लागला. "पोरगी हुशार हाय तुमची. तिले आजच पाचवीत बसवतो."

मी सुटकेचा निःश्वास सोडला.

"अन् तुमची इच्छा असंल," त्यांनी आणखी एक कोरा अर्ज माझ्याकडे सरकवला, "त पहिलीतही एक जागा खाली हाय."