भिकुबाईचा पगार

आमच्या पांझरेकाठच्या गावात पेन्शनला कुणी पेन्शन म्हणत नसे. मास्तरांची असो की निराधार बाईची, तो पगारच. ऐंशी सालानंतर सरकारने निराधार म्हाताऱ्यांना दरमहा थोडे पैसे द्यायला सुरुवात केली आणि आमच्या गल्लीतली कमलबाई पगारदार झाली. तिला ना मूल ना बाळ, मागेपुढे कुणी नाही. सरकारच्या लेखी ती पक्की निराधार.

तिच्या शेजारची भिकुबाई मात्र सरकारच्या लेखी सुखी होती, कारण तिला मुलगा होता. हा सुपडू सुरतेला कापडाच्या लूमवर कामाला होता. लग्न त्याने तिकडेच उरकलं होतं. मग ना पत्र, ना पैसा, ना आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या सणाला, येणं. नवरा हिलाल तर केव्हाच गेलेला. जन्मभर भिकुबाईने लोकांच्या शेतात कापूस वेचला, शेंगा फोडल्या. बोटं वाकडी झाली तसं मजुरीला बोलावणं बंद झालं. कधी याच्या घरची भाकर, कधी त्याच्या घरचं ताक, असं चाललं होतं. तरी नियम म्हणे, कमावता मुलगा असेल तर पगार नाही. मला या नियमाचा आजही संताप येतो. मुलगा असणं वेगळं आणि मुलाने पोसणं वेगळं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. नियम करणाऱ्यांची मुलं फारच गुणी असावीत.

तलाठी बिचारा भला होता. "आजी," तो म्हणाला, "पंचांसमोर एवढंच सांगा, मला मुलगा नाही. पुढचं मी बघतो." चावडीत पंच जमले. भिकुबाईने पदर सावरला आणि ताठ मानेने सांगितलं, "मना पोऱ्या शे. जित्ता शे. सुरतले कामले शे." तलाठ्याने कपाळाला हात लावला. कागद तसाच परत गेला.

घरी आल्यावर कमलबाई तिच्यावर अशी तडकली की सगळी गल्ली दारात आली. भिकुबाई रडत होती. तिचंही खरं होतं. सुपडूच्या आधीची चार लेकरं तिने पुरली होती. पाचवा झाला तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवला. 'हाऊ मना नई', हा माझा नाही, असं मोठ्याने म्हणून ती मागे न बघता घरी आली. शेजारणीने त्याला उचलला आणि हिने मूठभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतला. नशिबाची नजर चुकवायची ती रीत. म्हणून नाव सुपडू. इतक्या सायासाने वाचवलेल्या मुलाला चावडीत बसून 'नाही' म्हणायचं, तर जीभ उचलेल कशी?

"एकदा म्हनेल व्हती ना तू, हाऊ मना नई?" कमलबाई म्हणाली. "तव्हय वाचना ना तो? आते बी म्हन. तो बी जगी, तू बी जगशी."

हे भिकुबाईला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, भुकेने पटवलं. पुढल्या खेपेला तिने पंचांसमोर डोळे मिटून सांगितलं, "माले पोऱ्या नई." अंगठा उठवला. पंचांत कोतवाल लोटनही होता. सुपडूबरोबर पांझरेत डुंबून मोठा झालेला हा माणूस, पण तोही गप्प राहिला. गावाने एका म्हातारीसाठी खोटं बोलायचं ठरवलं होतं, आणि मला त्या दिवशी गावाचा अभिमान वाटला.

पगार सुरू झाला. दोन-तीन महिने थकायचा, मग एकदम यायचा. पण भिकुबाई बदलली. ती रोज चूल पेटवू लागली. कमलबाईला बोलावून स्वतःच्या साखरेचा चहा पाजला. कुणाच्या दारात भांडं घेऊन उभं राहणं संपलं. फक्त पोस्टातून परतताना ती मारुतीपुढे थांबे आणि मुलाच्या नावाने दोन्ही गालांवर मारून घेई.

तीन वर्षांनी आखाजीला सुपडू आला. कुणाला कळवलं नव्हतं. केस पिकलेले, छाती खोकल्याने भरलेली, पिशवीत आईसाठी एक हिरवं लुगडं. भिकुबाईने पुरणाच्या मांड्यांसाठी उसनं गव्हाचं पीठ आणलं. दोन दिवस ती गल्लीभर हसत फिरली. तिला एवढं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी लोटन कोतवाल नव्या तलाठ्याला घेऊन दारात उभा राहिला. निराधारांची फेरतपासणी सुरू झाली होती. सुपडू ओट्यावर बसून भाकर खात होता. तलाठ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"आजी, हे कोण?"

लोटन जमिनीकडे बघू लागला. कमलबाई तिच्या दारात थिजली. भिकुबाईने एकदा चुलीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे.

"पाव्हना शे," ती म्हणाली. "सुरतना."

तलाठी मान हलवून पुढच्या घराकडे वळला. पगार वाचला.

सुपडूने ताटातली भाकर संपवली. घास टाकून उठला नाही, हे मी स्वतः बघितलं. हात धुतले, पिशवी उचलली. तलाठी अजून शेजारच्या ओट्यावरच होता. त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सुपडूने निरोप घेतला, "येस वं मावशी." आणि एस.टी.च्या रस्त्याला लागला.

तो पुन्हा आला नाही. भिकुबाई नंतर सहा-सात वर्षं जगली. मला, कमलबाईला, लोटनला, पाणी भरायला निघालेल्या कुणालाही थांबवून ती एकच विचारायची, "माले वाचाडाकरता म्हनना का रे तो मावशी, का मनापासून म्हनना?"

आम्ही सगळे सांगायचो, तुला वाचवायला. ती आमच्या तोंडाकडे बघत राहायची.