न मागितलेलं वाक्य

शालिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कामठ्याला, घराच्या अंगणात, वाळत घातलेल्या धानावरच्या कोंबड्या हाकलत होतो. फोन तिच्या मुलीचा, वैशालीचा. "मास्तरकाका, आई गेली..." एवढंच म्हणाली. पुढे मी काही बोलायला हवं होतं. जन्मभर मी दुसऱ्यांना वाक्यं पुरवली, त्या सकाळी मला स्वतःसाठी एक सापडलं नाही. फोन कानाला धरून तसाच उभा राहिलो आणि कोंबड्यांनी निवांतपणे धान खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो आला. तरुणपणीचा, सिनेमातला. वर मोठ्या अक्षरात तिचंच वाक्य छापलेलं : 'मी भरून पावले, काही राहिलं नाही.' गोंदियात शोकसभा झाली तिथल्या बॅनरवरही तेच. एका बाईंनी डोळे पुसत मला सांगितलं, "किती समाधानी होत्या हो, मरायच्या आधी केवढं बोलून गेल्या." मी मान हलवली. दुसरं काय करणार? ते वाक्य शालिनीचं नाही, माझं आहे, हे मी त्या सभेत कोणाला आणि कसं सांगणार होतो?

हे समजायला जरा मागे जावं लागेल. मी शाळामास्तर, पण मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रांचे, दिवस आले की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागतात आणि तेव्हा मी एका कंपनीचा प्रॉम्प्टर असायचो. आमच्याकडे तालमी कमी, नाटकं फार. नट पाठांतर अर्धं करायचे आणि उरलेलं माझ्यावर सोडायचे. शालिनी अर्जुनी मोरगावची, वडील लहानपणीच गेलेले. कंपनीत आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिचं पाठांतर चोख, पण ती मध्येच थांबायची आणि मी घाईघाईनं पुढचं वाक्य द्यायचो. तिसऱ्या प्रयोगानंतर ती माझ्यावर चांगलीच उखडली. "मास्तर, मी भुलली नव्हती. मी थांबून राहिली होती." मग आमचा एक करार झाला. तिनं डाव्या हातानं खांद्यावरचा पदर सारखा केला, की वाक्य द्यायचं. हात हलला नाही, तर पुस्तकात बोट घालून गप्प बसायचं. सहा हंगामांत आमचा हा करार एकदाही चुकला नाही. ती थांबायची तेव्हा समोरचे शेंगदाणे खाणारे लोकही हात आवरून बसायचे, आणि विंगेत बसून मला वाटायचं, या पोरीला आपण काय शिकवणार!

मग नागपूरकडचा कोणी सिनेमावाला तिचं नाटक पाहून गेला आणि ती मुंबईला गेली. दोन सिनेमांत नायिकेची मैत्रीण, तिसऱ्यात नायकाची बहीण. तिथून तिचं एक कार्ड आलं होतं मला. लिहिलं होतं, 'इथं कोणी वाक्य देत नाही, मास्तर. चुकलं तर पुन्हा करायला लावतात. मला फार बरं वाटतं.' मी ते कार्ड शाळेत सगळ्यांना दाखवलं. त्यात माझ्यासाठी काय लिहिलंय, ते माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं नाही.

चौथ्या सिनेमात ती नायिका होणार होती. बोलणी पक्की होत आली होती आणि ती आठ दिवसांसाठी घरी आली होती. तिच्या आईनं माझ्यामागे लकडा लावला, पोरीचं कुठंतरी बघा. स्थळ मीच आणलं. गोंदियाचं राईस मिलवालं घर, मुलगा सुधाकर, शांत स्वभावाचा, शिकलेला. मी मोठ्या हौसेनं आणलं, हे कबूल करतो. मुलाच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "लग्नानंतर सिनेमा सोडाल ना?" ती थांबली. आई तिच्याकडे बघत राहिली, सुधाकररावांनी खाली पाहिलं. आणि तिचा डावा हात पदराकडे गेला.

मी तिच्या मागेच उभा होतो. सवयीनं, अगदी विंगेतल्या आवाजात, मी म्हणालो, "सोडीन." तिनं म्हटलं, "सोडीन."

वडीलमंडळींसमोर बसलेली कुठलीही मुलगी पदर सारखा करतेच. हे त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही आणि नंतर मात्र जाता जाईना. तिनं वाक्य मागितलं होतं, की नुसता पदर सावरला होता?

संसार चांगला झाला. हे मी स्वतःची समजूत घालायला लिहीत नाही, खरंच चांगला झाला. सुधाकरराव देवमाणूस. टीव्हीवर तिचा सिनेमा लागला की कौतुकानं सगळ्यांना हाका मारायचे आणि ती दूध उतू जाईल म्हणत स्वयंपाकघरात जायची. दर दिवाळीत मी गोंदियाला जायचो, ती माझ्या पानात बळंच वाढायची, माझ्या टकलावरून मला चिडवायची. चाळीस वर्षांत तिनं तक्रारीचा एक शब्द काढला नाही. त्यामुळे मला हायसं वाटायचं, आणि त्यामुळेच मला तिची भीतीही वाटायची. सुधाकरराव गेले तेव्हाही वाटलं होतं, आता ती काहीतरी बोलेल. बोलली नाही.

तिच्या जाण्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. मोबाईलवर बातम्या दाखवणाऱ्या एका चॅनलची मुलगी मुलाखतीला येणार होती. शालिनीनं मला बोलावून घेतलं, म्हणाली, "तुम्ही बसा जवळ, मले धीर वाटते." अंगणात खुर्ची टाकली. मी कॅमेऱ्याच्या बाहेर, तिच्या डाव्या अंगाला. मुलगी हुशार होती. कंपनीचं विचारलं, मुंबईचं विचारलं, शालिनी खुलून बोलली. मग मुलीनं विचारलं, "मॅडम, शादी के लिए आपने फिल्में छोड़ दीं. वो फैसला आपका था? कभी अफसोस हुआ?"

शालिनी थांबली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, अगदी स्थिर. तिनं एकदा आकाशाकडे पाहिलं, मग हातांकडे. तिला काही आठवत नव्हतं असं मुळीच नाही, ती थांबली होती आणि ते मला समोर दिसत होतं. तिची थांबण्याची रीत माझ्याइतकी कोणाला ठाऊक असणार? पण मनात आलं, आता ही काय सांगेल... माझं नाव घेईल का... आणि मी बोललो, त्याच विंगेतल्या आवाजात. "मी भरून पावले, काही राहिलं नाही." तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, थोड्या नवलानं. मग कॅमेऱ्याकडे बघून तिनं ते वाक्य म्हटलं. सुंदर म्हटलं. नटीच ती.

मुलगी गेल्यावर ती म्हणाली, "मास्तर, त्या दिवशी पदर तरी हातात होता. आज काऊन बोलले?"

धीर करून विचारलं, "त्या दिवशी तू वाक्य मागितलं होतंस का गं?"

ती हसली. "आता इचारून राहिले?"

"आणि आज काय सांगणार होतीस?"

"आता तुम्ही सांगून टाकलं ना. होऊन गेलं." मग तिनं आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं, साखर कमी, मास्तरांना शुगर आहे. दिवाळीत पुन्हा विचारू, असं मी मनाशी ठरवलं. आग्रह धरायला मी अजूनही घाबरत होतो. तिच्या हृदयानं दिवाळीपर्यंत वाट पाहिली नाही.

पेपरवाल्यांना पत्र लिहायला मी दोनदा बसलो. पण लिहू काय? छापलंय ते तिचं नाही, इथवर ठीक. मग तिचं कोणतं, हे मला कुठं माहीत आहे? कदाचित ती म्हणाली असती, फैसला माझाच होता. कदाचित मी आणलेल्या त्या स्थळाला, मला, सगळ्यांना तिनं दोन शब्द सुनावले असते आणि मी ते आनंदानं ऐकले असते. आता तिच्या नावावर माझंच वाक्य राहणार आणि ते पुसायला माझ्याकडे दुसरं नाही.

मागच्या आठवड्यात त्या चॅनलवाल्या मुलीनं न कापलेला सगळा व्हिडिओ मला पाठवला. चॅनलवर दाखवला त्यात शालिनीचं थांबणं कापलं होतं, यात ते पूर्ण आहे. दुपारी घरचे झोपले की मी तो लावतो. अंगणातली खुर्ची, मांडीवर ठेवलेले हात. मुलीचा प्रश्न येतो. शालिनी वर बघते, हातांकडे बघते. पदर जागेवर आहे. मग तिचे ओठ किंचित उघडतात, ती बोलणार आहे... आणि मी घाईनं फोन बंद करतो. तिथून पुढे माझा आवाज आहे.