मशीन नवं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये नाही. आणि मंगलला तर नाहीच — खरं तर सांगायचं होतं ते तिलाच.

मंगल सोनगीरची. नोकरीसाठी जळगावला आली आणि मेहरूणला माझ्याच खोलीत राहू लागली. ती नाटकात काम करायची, मी लाइट बघायचे. आमचा जुना डिमर म्हणजे नुसत्या वर-खाली करायच्या दांड्या. तिने श्वास घेतला की माझा हात आपोआप वर जायचा. ती म्हणायची, समोरचं काही दिसत नाही गं, पण चेहऱ्याला ऊब लागली की कळतं, तू आलीस. हे ऐकून मी किती दिवस हवेत होते म्हणून सांगू!

मग धुळ्याच्या प्रयोगाला पुण्याचे एक दिग्दर्शक येणार असं कळलं. मंगलचं काम आवडलं तर ते तिला पुण्याला नेणार होते. सगळे खूश. मीही खूश — तोंडावर. आतून? संध्याकाळी मेहरूणच्या तलावावर फिरायला कुणाबरोबर जायचं, एवढंच डोक्यात.

धुळ्याच्या नाट्यगृहात लाइटचं मशीन नवं होतं. स्क्रीन काय, ढीगभर बटणं काय! बघूनच घाम फुटला, हे खरं. पण तिथल्या ऑपरेटर भाऊंनी सकाळी शेजारी बसवून शिकवलं. प्रत्येक प्रसंगाचा प्रकाश आधीच मशीनमध्ये भरून ठेवायचा, मग नाटक सुरू झालं की फक्त हिरवं बटण दाबत जायचं. दुपारपर्यंत माझा हात बसला. मला ते येत होतं — चांगलं येत होतं.

शेवटच्या प्रसंगात मागचा मंद निळा उजेड सोडून सगळीकडे अंधार व्हायचा, आणि पुढचं बटण दाबलं की एकट्या मंगलवर प्रकाश यायचा. अंधार झाला, ती पुढे आली. माझं बोट बटणावर होतं. मी दाबलं नाही.

ती बोलत राहिली. मागच्या मंद निळ्या उजेडात तिची नुसती आकृती दिसत होती. बोलता बोलता तिने चेहरा वर केला, थोडी डावीकडे सरकली, मग उजवीकडे — ऊब शोधत होती. मला शोधत होती. तेव्हा तरी दाबलं का? नाही. पडदा पडेपर्यंत नाही.

दिग्दर्शक चहा न घेताच निघून गेले. ग्रुपमधले माझ्यावर तुटून पडले, तेव्हा मंगलच मध्ये आली, तिच्या अहिराणीत म्हणाली, "जाऊ द्या ना. मशीन नवं शे, तिना काय दोस?"

मी मान खाली घालून वायरी गुंडाळायला लागले. सगळ्यांना वाटलं, बिचारी शरमली.

पुण्याहून बोलावणं आलं नाही. पुढे ती लग्न होऊन सुरतेला गेली, नाटक सुटलं. तलावावर मी एकटीच जाते. तिची आठवण येते — फार येते.

परवा तिचा फोन आला. हसत म्हणाली, "शिकनी का मंग ते मशीन?"

"शिकले," मी म्हटलं.

कधी, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.