अळ्यांनी टाकलेली ओळ

संशोधन केंद्रात तिला सगळे अळीकाकू म्हणत. टोमॅटो पोखरणाऱ्या अळ्या पाळायच्या आणि नव्या रोपांवर सोडायच्या, हे तिचं काम. अळी तोंड लावणार नाही असा वाण शास्त्रज्ञ बाई शोधत होत्या. प्रत्येक अळीला वेगळी पारदर्शक डबी. दोघी एकत्र ठेवल्या तर एकच उरे.

"माझे कधी एवढे लाड केले नाहीस," नणंद तिला चिडवायची.

त्या वर्षी जाळीघरात रानटी टोमॅटोची एक ओळ लावली होती. पानांवर चिकट लव, वास उग्र. काकूने ब्रशने अळ्या पानांवर सोडल्या आणि दुपारी बघायला गेली. पानं जशीच्या तशी होती, पण रोपांवर एकही अळी नव्हती. सगळ्या दाराच्या जाळीवर चढल्या होत्या, एकमेकींना खेटून, तोंडं बाहेरच्या बाजूला. एरवी एकमेकींना खाणाऱ्या त्या, आज गपगार.

बाई मात्र हरखल्या. "हेच तर हवं होतं. लवेतला चीक त्यांना सोसत नाही."

"पण अशा एका जागी का जमल्या?"

"अळीला काय कळतंय, काकू? वाट फुटेल तिकडे गेल्या."

मग त्या रोपांचा चांगल्या टोमॅटोशी संकर करायचं काम सुरू झालं. फुलं हाताळून काकूची बोटं काळीहिरवी झाली. कितीही घासली तरी डाग जाईना. घरी ती ओट्याशी आली की माशा उठून जात. नणंद म्हणाली, "बरंच झालं की." काकू हसली, पण तिचं मन काही थाऱ्यावर नव्हतं.

एके सकाळी ती अळ्यांच्या खोलीत गेली. नेहमी बोटावर चढणारी अळी तिला बघून ताठ उभी राहिली आणि मागे सरली. दुसरीनेही तेच केलं. काकूने मांडणीसमोर नुसता हात धरला. रांगेतल्या साऱ्या अळ्या खाणं तसंच टाकून डब्यांच्या पलीकडच्या कडेला जाऊन चिकटल्या.

तिने बाईंना बोलावून दाखवलं.

"हाताला वास लागलाय गं."

"झाकणं बंद आहेत, बाई."

बाईंनी एकेक झाकण दाबून पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "तू उद्यापासून बियाण्याच्या खोलीत बस."

काकूला ते फार लागलं. इतकी वर्षं त्यांना वाढवलं ते हेच हात. पण ती गेली, आणि अळ्या नव्या मदतनीस मुलीच्या हातून पुन्हा खाऊ लागल्या.

रानटी फळ कडू होतं. खाण्याजोगा वाण हाती यायला वर्षं गेली. किडीला बऱ्यापैकी टिकणारा, चवीला गोड. पहिली टोपली बाईंनी काकूला दिली. घरी नणंदेने मिटक्या मारत खाल्ले. काकूच्या बोटांवरचे डाग तोवर कधीच गेले होते.

दुसऱ्या दिवशी ती अळ्यांच्या खोलीवरून जात होती. मदतनीस म्हणाली, "काकू, आत या ना."

काकू दारातच थबकली. "नको गं. जेवतायत त्या," म्हणाली आणि पुढे निघून गेली.